सर्किट बोर्ड घरी: सीएनसीवर कोरायचा, फेरिकमध्ये टाकायचा की बाहेरून मागवायचा?

घरी सर्किट बोर्ड बनवायला छोटं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणारं मशीन, घ्यावं का, असं विचारणारे बहुतेक जण पैशांचा हिशोब घेऊनच येतात. मशीन एवढ्याचं, बाहेरून एक बोर्ड तेवढ्याला पडतो, म्हणजे अमुक बोर्डांत पैसे वसूल. या हिशोबावर निर्णय घेऊ नका. बोर्डामागच्या खर्चात घरचं मशीन कारखान्याला गाठू शकत नाही, फेरिक क्लोराइडला, म्हणजे तांबं विरघळवणाऱ्या रसायनाला, तर नाहीच. बघायचं ते हे, की तुमचं सर्किट पक्कं होईपर्यंत किती वेळा बदलणार आहे. एकदा काढलं आणि संपलं, असं काम असेल तर मशीन कोपऱ्यात पडून राहील. सकाळी बोर्ड केला, दुपारी तपासला, संध्याकाळी दोन ट्रॅक (वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेघा) हलवून पुन्हा नवा हवा, असं काम असेल तर मात्र मशीनला पर्याय नाही.

वाटा तीन. फेरिकमध्ये एचिंग (नको असलेलं तांबं विरघळवणं), सीएनसीवर कोरणं, आणि फाइल पाठवून कारखान्यातून मागवणं. तिन्ही मी वापरतो आणि तिन्हींची गरज पडते. इथे जास्त जागा सीएनसीला देतो आहे, कारण पाच आकडी रक्कम घालायची ती तिथे, आणि अर्धवट माहितीवर घेतलेली मशीनंही तिथेच जास्त दिसतात.

फेरिक: स्वस्त, जुनं आणि अजूनही कामाचं

डिझाइन लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर छापायचं, इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवायचा, कागद पाण्यात भिजवून बोटांनी चोळून काढायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. टोनरखालचं तांबं राहतं, उघडं विरघळतं. द्रावण कोमट असेल आणि ट्रे हलवत राहिलात तर पंधरा-वीस मिनिटांत बोर्ड तयार. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलात तर फेरिक, कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) आणि ड्रिल बिट असं सगळं काही शे रुपयांत घेऊन परतता येतं. प्रिंटर नसेल तर प्रिंट बाहेरून काढून घ्यायची, फक्त इंकजेटची नको. शाई इस्त्रीने उतरत नाही.

या पद्धतीचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. इथे सगळा बोर्ड एकाच वेळी तयार होतो. ट्रॅक दहा असोत की दोनशे, फेरिकला लागणारा वेळ तेवढाच. सीएनसी मात्र प्रत्येक ट्रॅकच्या कडेने फिरतं. ट्रॅक वाढले की वेळ त्याच प्रमाणात वाढतो. मोठा, दाट बोर्ड एकदाच करायचा असेल तर एचिंग बिनदिक्कत निवडा.

अडचण इस्त्रीपाशी सुरू होते. दाब आणि उष्णता सगळीकडे सारखी पडत नाही. एखाद्या कोपऱ्यात टोनर नीट बसत नाही आणि तिथला बारीक ट्रॅक तुटतो. इस्त्रीऐवजी लॅमिनेटर वापरला तर फरक पडतो. ड्राय फिल्म, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी पातळ निळी फिल्म वापरलीत, तर ०.२ मिमीचे ट्रॅकही स्वच्छ येतात. ती धुवायला साधा धुण्याचा सोडा पुरतो. इस्त्रीवर मी ०.४ मिमीच्या खाली जात नाही.

आणि मग भोकं. सोळा पायांचं आयसी, चार रिले, दोन ओळी टर्मिनल, एवढ्यातच डझनावारी भोकं होतात. ०.८ मिमीचं कार्बाइड बिट हातातल्या ड्रिलने जरा तिरकं झालं की मोडतं. आयसीची भोकं एका रेषेत आली नाहीत तर सॉकेट बसत नाही. एचिंग ज्यांनी सोडलं त्यांतले बरेच जण खरं तर ड्रिलिंगला कंटाळलेले असतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

राहिलेल्या द्रावणाचं काय करायचं हे आधी ठरवा, मगच फेरिक घ्या. त्यात तांबं विरघळलेलं असतं. ते बेसिनमध्ये ओतलं तर स्टीलचं बेसिन आणि धातूचे पाइप खराब होतात, आणि पुढे पाण्यात गेलं तर मासे आणि सूक्ष्मजीव मरतात. गावात घरामागे विहीर असेल तर अंगणात ओतण्याचा विचारही नको. द्रावण झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवून मंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरायचं. संपलं की थोडा थोडा धुण्याचा सोडा घालायचा, फेस येईल तो येऊ द्यायचा. गाळ खाली बसला की तो सुकवून घातक कचऱ्याबरोबर द्यायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणि घरात लहान मूल असणाऱ्याला हे सगळं जमेलच असं नाही. अशा घरासाठी हे एकच कारण सीएनसीकडे वळायला पुरेसं आहे.

सीएनसी: नेमकं काय करतं आणि काय मागतं

सीएनसी ट्रॅक बनवत नाही, ट्रॅकच्या कडेने तांबं खरवडून त्याला बाकीच्या तांब्यापासून वेगळं करतं. बाकीचं तांबं बोर्डवरच राहतं. कल्पना नवी नाही. जर्मनीत एलपीकेएफ ही कंपनी १९७६ पासून याच कामात आहे, आणि तिची मशीनं प्रयोगशाळांमध्ये नमुना बोर्ड काढायला वापरतात. एमआयटीत १९९८ मध्ये नील गर्शनफेल्ड यांनी ‘जवळपास काहीही कसं बनवायचं’ हा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातून फॅब लॅब, म्हणजे लोकांना स्वतः वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळा, उभ्या राहिल्या, आणि टेबलावर मावणारं मिलिंग मशीन त्यांचं नेहमीचं अवजार झालं. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. म्हणजे हे काम आपल्याकडे वीस वर्षांहून जास्त काळ चाललं आहे, आणि तेही पुण्यामुंबईबाहेर.

घरगुती वापरात दिसतं ते बहुतेक ३०१८ जातीचं मशीन. ३०० बाय १८० मिमीचा बेड, ॲल्युमिनियमची फ्रेम, २४ व्होल्टची ७७५ मोटर, आणि आर्डुइनोत असतो तोच ॲटमेगा३२८ घेऊन चालणारा, जीआरबीएल या मोफत सॉफ्टवेअरचा कंट्रोलर. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. कायकॅडमध्ये डिझाइन, त्यातून गर्बर (ट्रॅकचा नकाशा) आणि ड्रिलची फाइल, फ्लॅटकॅममध्ये टूलपाथ (बिट कुठून फिरणार तो मार्ग), आणि कँडल किंवा बीसीएनसीमधून मशीनला आज्ञा. सगळी साखळी मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

आता खोलीचा प्रश्न. मशीन तुम्हाला जमेल की नाही ते इथेच ठरतं.

तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिमीचा. तो कापायला व्ही-बिट, म्हणजे टोकदार बिट, वापरतात. व्ही-बिट जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. टोक ०.१ मिमीचं आणि कोन ६० अंशांचा धरा. ०.१ मिमी खोल गेलं तर रेघ साधारण ०.२२ मिमी रुंद पडते. तेच बिट ०.३ मिमी खोल गेलं तर ०.४५ मिमी. म्हणजे दुप्पट. आता कॉपर क्लॅडचा तुकडा हातात घेऊन पट्टीच्या कडेला धरून पाहा. मधे थोडा बाक दिसेलच. बेडही पूर्ण सपाट नसतो. शंभर मिमी लांबीत दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक ही रोजची गोष्ट. परिणाम असा, की बोर्डच्या एका टोकाला तांबं कापलंच जात नाही आणि दुसऱ्या टोकाला ट्रॅक खाल्ला जातो. ३० अंशांचं बिट घेतलं तर तेवढ्याच फरकात रेघ ०.१५ वरून ०.२६ पर्यंतच जाते. म्हणून ३० अंशांचं बिट घ्या. पण त्याचं टोक नाजूक असतं, लवकर मोडतं, हेही ध्यानात ठेवा.

यावरचा उपाय ऑटोलेव्हलिंग. एक क्लिप बिटला, एक तांब्याला. कंट्रोलरवर प्रोबसाठी, म्हणजे या स्पर्शाच्या तपासणीसाठी, जागा असते, आर्डुइनोवर ती ए५ पिन. मशीन बिट हळूहळू खाली आणतं, तांब्याला टेकताच सर्किट पूर्ण होतं आणि त्या जागेची उंची नोंदली जाते. अशा सहा बाय सहा जागा तपासायला पाचएक मिनिटं लागतात. मग सॉफ्टवेअर त्या उंचीप्रमाणे प्रत्येक हालचालीची खोली बदलतं. कँडलमध्ये याला हाइटमॅप म्हणतात. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, फिरायला लागण्याआधी दोन्ही क्लिप काढायच्या. तांबं आधी स्कॉचब्राइटने घासून स्पिरिटने पुसा. ऑक्साइडचा थर किंवा बोटाचा तेलकट डाग असेल तर संपर्क उशिरा होतो आणि तेवढ्या जागी खड्डा पडतो. ही एक सवय लागली की व्ही-बिटची निम्मी भांडणं मिटतात.

दुसरी बाब स्पिंडलची. स्वस्त मशीनच्या मोटरवर कोलेट (बिट पकडणारी चिमटी) दाबून बसवलेलं असतं आणि बिट फिरताना थोडं डुगडुगतं. बिटचं टोक ०.१ मिमीचं असलं तरी ते डुगडुगणं तेवढंच असेल तर रेघ ०.२ मिमीची पडते. मशीन घेताना बेडची लांबी-रुंदी विचारतात, स्पिंडलबद्दल कोणी विचारत नाही. मी आधी स्पिंडल आणि कोलेट बघेन, बेड नंतर. ईआर११ कोलेट असलेलं मशीन मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

वेळेचा अंदाज हवा असेल तर असा. पन्नास बाय पन्नास मिमीच्या मध्यम बोर्डवर ट्रॅकच्या कडा मिळून साधारण तीन मीटर धरा. मिनिटाला २०० मिमी वेगाने एक फेरा पंधरा मिनिटांचा. शॉर्ट टाळायला दोन फेरे, म्हणजे अर्धा तास. प्रोबिंग, बिट बदलणं, भोकं आणि बाहेरची कड धरून तास-सव्वा तासात बोर्ड हातात. हात ओले नाहीत, कपड्यावर पिवळे डाग नाहीत. भोकं आयसीच्या पायांशी तंतोतंत जुळतात, कारण ट्रॅक आणि भोकं एकाच शून्यापासून मोजलेली असतात. शिवाय बोर्ड हवा त्या आकारात कापलेला. गोल, खाच असलेला, पेटीत बसेल असा. मला विचाराल तर सीएनसीने दिलेलं सुख हे भोकं आणि कड यांतलं आहे, ट्रॅकमधलं त्यानंतर.

कोणती चिप कोरता येते

मशीन घेण्याआधी तुम्ही नेहमी वापरता त्या भागांची यादी काढा आणि त्यांच्या पायांमधलं अंतर बघा. २.५४ मिमीचे डीआयपी (भोकांत बसणारे) आयसी, १.२७ मिमीचे एसओआयसी (वरून सोल्डर होणारे), २ मिमीचं ईएसपी-१२एफ आणि १.२७ मिमीचं ईएसपी३२-व्रूम ही वायफाय मॉड्यूल, हे सगळं ३०१८ वर आरामात होतं. ॲटमेगा३२८ची टीक्यूएफपी चिप ०.८ मिमीची, तीही जमते, फक्त मशीन नीट लावलेलं हवं. ०.६५ मिमीला हात बसलेला लागतो. ०.५ आणि ०.४ मिमीच्या नादाला लागू नका. आरपी२०४० सारखी ०.४ मिमीची चिप कोरण्यात वेळ घालवण्यापेक्षा तीच चिप असलेलं तयार पिको मॉड्यूल घ्या आणि आपल्या बोर्डवर बसवा.

बऱ्याचदा चिप बदलूनच प्रश्न सुटतो. यूएसबीसाठी सीपी२१०२ घेतली तर ती ०.५ मिमीची आणि पाय पोटाखाली. त्याच कामाला सीएच३४०सी घ्या, ती १.२७ मिमीची, बाहेर पाय असलेली, आणि तिला क्रिस्टलही लागत नाही. यूएसबी-सीचं सोळा पायांचं सॉकेट कोरता येत नाही, पण फक्त वीज घ्यायची असेल तर सहा पायांचं मिळतं आणि ते होतं. डिझाइन मशीनला पाहून केलं तर घरच्या बोर्डवरही बरंच काही मावतं.

इथे फ्लॅटकॅमचा एक स्वभाव माहीत असू द्या. दोन पॅडमधली (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यांमधली) फट तुम्ही दिलेल्या टूलच्या रुंदीपेक्षा कमी असेल, तर त्या फटीतून तो रेघ नेतच नाही. दोन्ही पॅड एकत्र धरून बाहेरून वळसा घालतो. स्क्रीनवर सगळं ठीक वाटतं आणि बोर्डवर शॉर्ट येतो. म्हणून टूलपाथ काढला की चिपच्या पायांवर झूम करा आणि प्रत्येक दोन पॅडमधून रेघ गेली आहे का ते डोळ्यांनी मोजा. बोर्ड कोरून झाला की सोल्डरिंगआधी मल्टिमीटर बझरवर लावून शेजारशेजारच्या पॅडवर फिरवा. बारीक तांब्याची एखादी कुसळ राहिलेली असते. जुन्या टूथब्रशने बोर्ड झाडला की बहुतेक निघते.

सोल्डर मास्क, म्हणजे सोल्डर अडवणारा वरचा थर, नसल्यामुळे आणि ट्रॅकशेजारी सगळीकडे तांबंच असल्यामुळे सोल्डर पलीकडे उडी मारतं. पॅड मोठे ठेवा, ट्रॅक रुंद ठेवा, फटी दोन-तीन फेऱ्यांनी रुंद करा. सोल्डरिंगचा सराव कमी असलेल्याला एचिंगचा बोर्ड सोपा जातो, कारण तिथे मधली जागा मोकळी असते.

२३० व्होल्ट: इथे घाई नको

रिले, डिमर, मोटर स्टार्टर असे मेन्सवर (घरच्या विजेवर) चालणारे बोर्ड घरी करणारे खूप आहेत. कोरलेल्या बोर्डवर धोका वेगळा आहे आणि तो दिसत नाही. रेघेने वेगळं केलेलं फालतू तांबं बोर्डवरच असतं. समजा फेजचा ट्रॅक आणि मायक्रोकंट्रोलरचा ट्रॅक यांच्यात तुम्ही डिझाइनमध्ये आठ मिमी अंतर ठेवलं. कोरल्यावर मधल्या आठ मिमीत तांब्याचं एक बेट उरतं, आणि फेजपासून ते बेट ०.२ मिमीवर, बेटापासून पलीकडचा ट्रॅकही ०.२ मिमीवर. तुमचे आठ मिमी कागदावरच राहिले. पावसाळ्यात, धुळीत, थोडा फ्लक्स राहिला असेल तर ही फट भरोशाची नाही.

मेन्सच्या भागातलं सगळं मोकळं तांबं काढून टाकायलाच हवं. फ्लॅटकॅममध्ये त्यासाठी नॉन-कॉपर क्लिअरिंगची सोय आहे, सपाट बिटने तो भाग पूर्ण खरवडून घ्यायचा. वेळ लागतो, लागू द्या. मेन्स आणि लो व्होल्टेज यांच्यात मी ६ मिमीहून कमी अंतर ठेवत नाही, आणि रिलेखाली बोर्डमध्ये आरपार खाच कापतो. ही खाच सीएनसीवर दोन मिनिटांत होते, हातात मात्र छळते. हे करायची तयारी नसेल तर मेन्सचा बोर्ड एच करा किंवा बाहेरून मागवा.

धूळ, आवाज आणि वीज

बाजारात ग्लास इपॉक्सी म्हणून मिळतं ते एफआर-४, हिरवट पारदर्शक दिसणारं. कोरताना त्यातल्या काचेच्या धाग्यांची बारीक पूड उडते. ती फुप्फुसात जाऊ नये. एन९५ मास्क, बिटजवळ व्हॅक्यूमची नळी, आणि तोंडाने फुंकर मारायची नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा झोपायच्या खोलीत हे काम करू नका. तपकिरी रंगाचं पेपर फिनॉलिक, म्हणजे एफआर-१ किंवा एफआर-२, यात काच नसते. फॅब लॅबमध्ये कोरायला एफआर-१ वापरतात ते यासाठीच. त्यावर बिटही जास्त टिकतं. काच कार्बाइडलाही लवकर बोथट करते. फिनॉलिकचा दोष असा, की सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं तर पॅड उखडतं, आणि दमट हवेत ते ओलावा धरतं. शिकायला आणि कोरड्या जागेतल्या प्रयोगाला फिनॉलिक, शेतातल्या पंपावर किंवा कोकणात बसवायच्या बोर्डला ग्लास इपॉक्सी, असं मी करतो. दोन्हींवर काम संपल्यावर वरून लॅकर मारा. तेही नसेल तर निदान स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या रोझीनचा हात द्या. उघडं तांबं एका पावसाळ्यात काळं पडतं.

आवाज मिक्सरइतका नसतो, पण तासभर एका सुरात चालतो. टेबल लाकडी पोकळ असेल तर खालच्या मजल्यापर्यंत जातो. खाली रबराची जाड चटई टाकली की बराच फरक पडतो.

वीज जाणाऱ्या ठिकाणी राहत असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी. या मशीनच्या स्टेपर मोटर आपण कुठे आहोत हे स्वतःहून जाणत नाहीत, कंट्रोलर पावलं मोजत असतो. वीज गेली की मोजणी गेली. लिमिट स्विच (टोक आल्याचं सांगणारे स्विच) नसलेल्या मशीनवर तीच जागा पुन्हा सापडणं कठीण, आणि अर्धा कोरलेला बोर्ड वाया जातो. फेरिकच्या ट्रेला विजेची गरज नाही. उपाय दोन आहेत. एक, मशीन आणि लॅपटॉप यूपीएसवर. दोन, काम सुरू करताना सगळ्यात आधी बोर्डच्या दोन कोपऱ्यांत ०.८ मिमीची दोन भोकं पाडून त्यांचे आकडे लिहून ठेवणं. वीज आली की बिट त्या भोकावर आणा, तो आकडा शून्याच्या हिशोबात धरा, पुढे चालू करा. हीच भोकं दोन बाजूंचा बोर्ड उलटताना जुळवणीलाही लागतात. स्पिंडलच्या विद्युत गोंगाटाने मधेच यूएसबी तुटते अशी तक्रारही नेहमी ऐकू येते. आखूड, शील्ड असलेली केबल वापरा आणि लॅपटॉपचा स्लीप मोड बंद ठेवा. मेमरी कार्डवरून चालणारा ऑफलाइन कंट्रोलर मिळाला तर लॅपटॉपची गरजच उरत नाही.

बाहेरून मागवणं

गर्बर फाइल चढवायची, पैसे भरायचे, आठवडा ते दोन आठवड्यांत बोर्ड दारात. दोन बाजू, भोकांच्या आतून तांब्याचा मुलामा, सोल्डर मास्क, वर छापलेली नावं, आणि ०.१२७ मिमीपर्यंतचे ट्रॅक. यातलं मुलामा दिलेलं भोक घरी कोणत्याच पद्धतीने सहज होत नाही. आपण तार घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करतो, पण आयसी सॉकेटच्या किंवा मोठ्या कपॅसिटरच्या पायाला वरच्या बाजूने आयर्न पोचतच नाही. म्हणून दोन बाजूंचा बोर्ड ही माझ्या लेखी मागवायची वस्तू आहे.

चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांची किंमत बघून डोळे दिपतात, पण बोर्डपेक्षा कुरिअर आणि कस्टम्स जास्त पडतं, ते धरून बघा. आपल्याकडे गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स अशा कंपन्या छोट्या ऑर्डर घेतात. बोर्डमागे दर जास्त दिसला तरी कस्टम्सची वाट बघावी लागत नाही. साधारण पाच नगांपासून सुरुवात असते. पाचातला एक वापरून चार पडून राहणार असतील तर तोही खर्च धरायचा.

मागवण्यातला खरा खर्च वाट बघण्याचा आहे. बोर्ड आला, वीज दिली, आणि कळलं की ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-बेस उलटे आहेत. पुन्हा दोन आठवडे. सेन्सर, अँटेना, पॉवर सप्लाय अशा, करून बघितल्याशिवाय कळत नाही अशा सर्किटमध्ये हे चार वेळा होणं नवल नाही. सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये तेवढे दिवस कुठून आणणार?

मग कोणी काय करावं

डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने स्वतःसाठी मशीन घेऊ नये. एका प्रोजेक्टला फेरिक पुरतं, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन असेल तर ते वापरावं. चार-पाच जणांच्या गटाने मिळून घेतलं तर गोष्ट वेगळी.

कॉलेजने मात्र घ्यावंच. तिथे बोर्ड सतत बदलत असतात, आणि फेरिकच्या कचऱ्याची जबाबदारी पंचवीस मुलांवर सोडता येत नाही.

दुरुस्तीचं दुकान असणाऱ्यांना जुना बोर्ड हुबेहूब पुन्हा करायचा असतो. तिथे भोकांची जागा आणि बाहेरचा आकार महत्त्वाचा, म्हणजे सीएनसीचं काम. स्वतःचं छोटं उत्पादन काढणाऱ्यांनी पहिले दोन-तीन नमुने मशीनवर करावेत आणि विक्रीचा बोर्ड कारखान्यातूनच घ्यावा. कोरलेला बोर्ड ग्राहकाला देऊ नये, विशेषतः मेन्सवर चालणारा असेल तर.

ज्यांच्याकडे लाकूड किंवा ॲक्रिलिकसाठी ३०१८ आधीच आहे, त्यांच्यासाठी एक मधली वाट फार चांगली आहे. ट्रॅक एचिंगने करायचे आणि भोकं व कड मशीनवर. इस्त्री किंवा ड्राय फिल्मने ट्रॅक एकदम होतात, ड्रिलिंगचा त्रास जातो. काचेची धूळ पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते. मशीनवर निळा डायोड लेझर बसवता येत असेल तर तांब्यावर काळा स्प्रे मारून लेझरने नको तिथला रंग जाळायचा आणि मग फेरिकमध्ये टाकायचं. रेघा व्ही-बिटपेक्षा बारीक येतात. त्या लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय आणि खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर पाठवल्याशिवाय हे करू नका. परावर्तित किरणानेही डोळा जातो, आणि तांबं चकचकीत असतं.

निर्णय अजून होत नसेल तर विकत घेण्याआधी एक दिवस मशीनवर घालवा. पाबळच्या विज्ञान आश्रमासारख्या फॅब लॅबमध्ये किंवा मशीन असलेल्या कॉलेजमध्ये आधी विचारून जाता येतं. सोबत तुमच्या नेहमीच्या सर्किटची कायकॅड फाइल घेऊन जा, दाखवण्यासाठी ठेवलेला तयार नमुना कोरून समाधान मानू नका. प्रोबिंगपासून कड कापण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने करा, वेळ लिहून ठेवा, घरी आणून भाग सोल्डर करा आणि वीज द्या. त्या बोर्डात काय बदलावंसं वाटतं ते कागदावर लिहा. यादी लांबली तर मशीनची ऑर्डर द्या. यादी कोरी राहिली तर ते पैसे चांगल्या सोल्डरिंग स्टेशनवर घाला.